पद्मिनी, अँबेसेडर मध्येच बंद पडते? पेट्रोल नक्की कुठे अडतंय ते क्रमाने कसं शोधायचं

जुनी गाडी चढावर झटके खायला लागली, किंवा वीस मिनिटं मस्त चालून अचानक बंद पडली, की बहुतेक जण पहिला स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरलाच लावतात. कार्बोरेटर उघडला, साफ केला, किट टाकलं, चार दिवस गाडी बरी चालली आणि परत तेच. मग नवीन एसी पंप (टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा, इंजिनवर चालणारा पंप) येतो, मग नवीन कार्बोरेटर येतो, आणि मूळ दोष मागे टाकीत नाहीतर वीतभर रबरी होजमध्ये तसाच बसलेला असतो.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत कुठेही पेट्रोल अडलं तरी शेवटी दिसतं एकच, फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) रिकामं. पण म्हणून कार्बोरेटर खराब आहे असं होत नाही. आधी लाईनचे दोन भाग करायचे, दोष कुठल्या भागात आहे ते ठरवायचं, मग त्या भागाचे परत दोन भाग. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडायचा. खाली दिलेला क्रम मेकॅनिकल एसी पंप आणि साधा कार्बोरेटर असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे फियाट ११००, पद्मिनी, अँबेसेडर, जुन्या पेट्रोल जीप. इंजेक्शनच्या गाडीला यातली एकही टेस्ट करू नका, तिथे लाईनमध्ये प्रेशर कितीतरी पट जास्त असतं.

आधी तयारी, ही टाळू नका

काय लागेल: तीन-चार फूट नवीन पेट्रोल होज आणि नवीन क्लिपा, जाड काचेची रुंद तोंडाची बरणी, झाकणाचा धातूचा डबा, लाईन बंद करायला एक-दोन बोल्ट, एलईडी टॉर्च, भरपूर चिंध्या, वही-पेन. प्रेशर आणि व्हॅक्यूम दोन्ही दाखवणारं गेज मिळालं तर फारच छान, नसेल तरी बरंच काम होतं. आणि एबीसी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर, तेही डिकीत नाही, हाताशी जमिनीवर.

काम मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते आणि पसरते, त्यामुळे सोसायटीचं तळघरातलं पार्किंग किंवा गॅरेजचा खड्डा ही या कामाची जागाच नव्हे. इंजिन थंड असू द्या. जुना वायरचा हँडलॅम्प वापरू नका, बल्ब फुटून त्यावर पेट्रोल पडलं तर तिथेच आग लागते.

> इशारा: तोंडाने पेट्रोल ओढायचं नाही. आपल्याकडे हे सर्रास चालतं, पण एक घोट चुकून फुफ्फुसात गेला तर थेट हॉस्पिटल. दुसरं, कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा नाही. बॅकफायर झाला की ज्वाळा सरळ ओतणाऱ्याच्या तोंडावर येते.

१. दोष पेट्रोलचाच आहे का ते ठरवा

हे पहिलं, कारण गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल हुबेहूब पेट्रोल संपल्यासारखा वागतो आणि त्यापायी चांगले पंप बदलले जातात.

स्पार्क आधी बघून घ्या, पेट्रोलची एकही लाईन उघडण्याच्या आधी, नंतर नाही. कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने धरून ब्लॉकपासून पाचेक मिलीमीटरवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळसर, टचटच वाजणारी ठिणगी हवी, पिवळी आणि कधी येतेय कधी नाही अशी असेल तर आधी पॉइंट-कंडेन्सर बघा.

मग एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि थ्रॉटलची लिंक हाताने पटकन ओढा. एक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक पिचकारी दिसायला पाहिजे. जोरदार पिचकारी आली म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि त्या क्षणी तरी पुरवठ्याचा दोष नाही. पिचकारी आलीच नाही तर चेंबर बहुतेक कोरडं आहे, पुढे चला. (एक्सिलरेटर पंपाचाच डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला असेल तरी पिचकारी येत नाही, पण पुढच्या टेस्टमध्ये ते उघडं पडतंच.)

> तपासा: ही पिचकारी गाडी बंद पडलेली असतानाच बघायची, रस्त्याच्या कडेला, लगेच. घरी आणून दुसऱ्या दिवशी बघितलं तर चेंबर परत भरलेलं असतं आणि काहीच कळत नाही.

२. टाकीत किती आहे आणि झाकण श्वास घेतंय का

डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. एवढ्या जुन्या गाडीत टाकीचा सेंडर अडकलेला असणं अगदी नेहमीचं आहे. कोरडी लाकडी पट्टी घालून पातळी बघा, नाहीतर सरळ पाच लिटर टाका.

मग झाकण. पंप पेट्रोल ओढतो तितकी हवा टाकीत यायला हवी, तिची वाट बंद झाली की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि एका मर्यादेनंतर पंपाला ओढवत नाही. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा, हवा आत शिरल्याचा सुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर काम झालं. पूर्वी कोणी झाकण हरवलं म्हणून दुसऱ्या गाडीचं बसवलं असेल, बसतं तर बरोबर, पण त्याला भोकच नसतं, हे नक्की बघा. भोक असलेलं झाकण मिळेपर्यंत सैल झाकण ठेवून फिरायचा जुगाड मात्र करू नका, वळणावर पेट्रोल सांडतं.

३. मुख्य टेस्ट: कार्बोरेटरच्या तोंडाशी किती पेट्रोल येतंय

कॉइलची बारीक वायर, म्हणजे इग्निशन स्विचकडून येणारी, काढा आणि तिच्या टोकाला टेप लावा म्हणजे स्पार्क होणारच नाही. नुसती मधली जाड वायर काढून लोंबकळत ठेवली तर ती ठिणग्या उडवते, आणि बाजूलाच तुम्ही उघडं पेट्रोल धरून उभे असता.

आता कार्बोरेटरकडे जाणारा होज काढा, त्याला नवीन होजचा तुकडा जोडून टोक बरणीत सोडा, बरणी एक्झॉस्टच्या बाजूपासून लांब धरा आणि दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारा. पंप कॅमशाफ्टवर चालतो, म्हणून इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना एक झटका येणार. लाईन रिकामी असेल तर सुरुवातीचे काही झटके कोरडे जातील, त्याला घाबरू नका. पंधरा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मिनिटभर थांबा, मग परत, नाहीतर पेट्रोलचा दोष शोधता शोधता सेल्फ जळायचा.

बरणीत काय दिसतंय त्यावर पुढचा रस्ता ठरतो. प्रत्येक झटक्याला भरीव धार आणि बुडबुडे नाहीत, तर टाकी, लाईन, पंप सगळं सध्या ठीक, सरळ पायरी ७ वर जा. धार आधी चांगली आणि मग बारीक होत गेली तर पंपाच्या मागे कुठेतरी अडतंय. पेट्रोलबरोबर फसफस बुडबुडे येत राहिले तर ओढण्याच्या बाजूने लाईन हवा घेतेय. काहीच नाही किंवा नुसते थेंब, तर पायरी ४.

गेज असेल तर कार्बोरेटरकडच्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून होज आणि कॉइलची वायर परत जोडा, इंजिन आयडलला चालू ठेवा आणि प्रेशर बघा. अशा पंपांना साधारण २ ते ४ पीएसआय पुरेसं असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. जास्त प्रेशर म्हणजे चांगला पंप असं अजिबात नाही, ५ च्या वर गेलं की निडल व्हॉल्व्ह (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल बंद करणारी सुई) धरत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. बाजारातले काही नवीन पंप हाच त्रास देतात.

४. पंप की लाईन? डबा लावून बघा

सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी टेस्ट हीच आणि जवळपास कोणीच ती करत नाही.

टाकीकडून पंपात येणारा होज काढा, त्याच्या तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळा. पंपाच्या इनलेटला नवीन होज लावून दुसरं टोक ताज्या पेट्रोलच्या डब्यात सोडा आणि पायरी ३ परत करा. आता धार जोरात आली तर पंप निर्दोष आहे, त्याला हात लावू नका, दोष मागे आहे. धार अजूनही मेलेलीच असेल तर पंपच गेलाय.

> इथे हमखास चुकतं: डबा बॉनेटवर किंवा बॅटरीवर ठेवतात. मग पेट्रोल उतारानेच पंपातून वाहतं आणि मेलेला पंपसुद्धा पास होतो. डबा टाकीच्या उंचीला किंवा त्याहून खाली, जमिनीवर ठेवा.

व्हॅक्यूम गेज असेल तर ते पंपाच्या इनलेटला लावून सेल्फ मारा. चांगला पंप साधारण ६ ते १० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम ओढतो आणि सेल्फ थांबवल्यावर काटा थोडा वेळ तिथेच राहतो. काटा लगेच शून्यावर आला तर आतले व्हॉल्व्ह गळतायत.

५. पंप

पहिलं काम डिपस्टिक. ऑइलची पातळी वाढलेली आहे आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का? असेल तर डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल इंजिनमध्ये उतरतंय. अशा गाडीला एक सेल्फसुद्धा मारू नका, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं जातात. पंप दुरुस्त झाल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलूनच इंजिन सुरू करायचं. पंपाच्या बुडाशी बारीक भोक असतं, तिथून पेट्रोल टपकत असेल तरी निदान तेच.

डायफ्राम ठीक असेल तर वरची वाटी किंवा झाकण उघडा. आत जाळी असते, तिच्यावर गंजाचा तांबूस चिखल बसलेला असतो. पॅकिंग कडक झालं असेल तर तिथूनच हवा जाते, वरून कितीही आवळलं तरी, आणि आवळून आवळून वाटी किंवा झाकणच वाकडं होतं.

पंप आणि ब्लॉकमधला जाड स्पेसर फेकून देऊ नका आणि त्याच्या जागी नुसतं कागदी पॅकिंग लावू नका. तो इंजिनची उष्णता अडवतो आणि पंपाच्या दांडीचा स्ट्रोकही त्याच्याच जाडीवर ठरतो. पातळ झाला तर दांडीवर जास्त ताण, जाड झाला तर स्ट्रोक कमी आणि पेट्रोल कमी. बसवताना इंजिन थोडं फिरवून कॅमचा उंचवटा दांडीपासून दूर न्या, पंप हाताने सहज टेकायला हवा. बोल्टच्या जोरावर ओढून बसवावा लागत असेल तर दांडी चुकीच्या बाजूला गेलेली आहे.

आता पेट्रोल पंपावर मिळणारं पेट्रोल ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या साठ्यातला डायफ्राम, जुनं रबर, कॉर्कचं पॅकिंग हे त्याला टिकत नाही, फुगतं, मऊ पडतं नाहीतर चिरतं. किट घेताना ई२० ला चालणारं आहे का ते दुकानदाराला स्पष्ट विचारा.

६. पंपाच्या मागची लाईन आणि टाकी

आधी होज. ओढणाऱ्या बाजूचा दोष बाहेरून दिसत नाही, कारण तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळे जमीन कोरडी म्हणजे होज चांगला असं समजू नका. प्रत्येक होज वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की बदला. कधी कधी बाहेरून ठणठणीत होज आतून सोलवटून त्याची पट्टी वाट बंद करते. नवीन घेताना एसएई जे३० आर९ छापलेला घ्या, हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी नको, ती महिन्याभरात कडक होऊन क्लिपमधून सुटते.

मग फिल्टर. बाण पेट्रोलच्या प्रवाहाच्या दिशेने आहे ना? पारदर्शक फिल्टर पूर्ण भरलेला दिसला नाही तरी हरकत नाही, बरेचसे अर्धेच भरलेले दिसतात आणि काम नीट करतात.

गाडी पूर्वी टॅक्सी असेल किंवा कधीकाळी सीएनजी किट लागलेलं असेल तर एक गोष्ट नक्की शोधा, पेट्रोलचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह. किट काढलं तरी तो लाईनमध्ये राहून जातो, त्याला करंट मिळाला नाही किंवा आत गंजून अर्धवट उघडला की गाडी कमी वेगाला चालते आणि जोर दिला की मरते. त्याच्या दोन्ही टोकांचे होज काढून सरळ जोडून बघा. सीएनजी आता वापरात नसेल तर तो कायमचाच काढून टाका.

आता लाईन फुंकायची. टाकीचं झाकण उघडा, पंपाकडचा होज काढा, फिल्टर बाजूला करा आणि त्या पाईपमधून टायरच्या पायपंपाने हळू हवा सोडा. टाकीत मोकळा गुडगुड आवाज आला पाहिजे. जोर लागला आणि मग एकदम मोकळं झालं तर टाकीतल्या पिकअपच्या (पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या) तोंडाशी कचरा आहे. गॅरेजच्या मोठ्या कॉम्प्रेसरचं पूर्ण प्रेशर सोडू नका, आणि पंप जोडलेला असताना तर मुळीच नाही, व्हॉल्व्ह उलटतात.

> इशारा: फुंकून गाडी सुरू झाली म्हणजे दुरुस्त झाली नाही. कचरा फक्त बाजूला सरकला, टाकीतच आहे, तो दहा-वीस किलोमीटरनंतर परत पिकअपवर येऊन बसणार. टाकी उतरवून आतून साफ करावीच लागते. आणि रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक, तिला वेल्डिंग करायचं तर या कामाचा अनुभव असलेल्याकडेच द्या.

टाकीतलं शेवटचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि एका मर्यादेनंतर दोघं मिळून खाली बसतात, पावसाळाभर उभ्या गाडीत हे हमखास होतं. भेसळीची शंका असेल तर पेट्रोल पंपावर फिल्टर पेपर टेस्ट मागा, तो तुमचा हक्क आहे. पेपरवरचा पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे.

७. आता कार्बोरेटर

इथपर्यंत धार जोरदार आहे हे बघून आला असाल तरच उघडा. आधी इनलेटची जाळी, ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. मग निडल व्हॉल्व्ह, मागे गंज आला असेल तर तो इथेच अडकतो, अडकून बंद राहिला तर चेंबर रिकामं आणि उघडा राहिला तर ओव्हरफ्लो. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत खळखळ झाली तर त्याला भोक आहे. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये निडलखालच्या वॉशरच्या जाडीवर पेट्रोलची पातळी ठरते, म्हणून तो वॉशर हरवू नका, दोन टाकू नका. जेट तारेने खरवडायचं नाही, फक्त क्लीनर आणि हवा.

८. "बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की परत चालते"

सगळ्यात जास्त चुकीचं निदान याचंच होतं, कारण चार वेगवेगळे दोष असेच वागतात, आणि चौघांना ओळखायला तुमच्याकडे फक्त बंद पडल्यानंतरची दोन-तीन मिनिटं असतात. म्हणून गाडी थांबली की लगेच याच क्रमाने बघा.

झाकण उघडा, सुस्स आवाज आणि लगेच सुरू झाली तर झाकण. आवाज नाही, तर एअर फिल्टर काढून पिचकारी बघा. पिचकारी जोरदार आहे पण इंजिनला जीव नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन मेलाय, पेट्रोलच्या मागे लागू नका. पिचकारी नाही, तर उरले दोन, टाकीतला कचरा आणि व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने लाईनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं. गरम इंजिनवर कुठलाही होज न उघडता पंपावर आणि त्याच्या पाईपवर ओलं फडकं गुंडाळा. दोन-तीन मिनिटांत सुरू झाली तर उष्णता. फडक्याने काहीच फरक नाही पण नुसतं उभं राहून सुरू होते, आणि हे गार सकाळीही होतं, तर कचरा: इंजिन बंद झाल्यावर ओढ थांबते, कचरा पिकअपवरून सुटून खाली बसतो. फडकं ओलं म्हणजे ओलंच, गरम ब्लॉकवर किंवा पंपाच्या काचेच्या वाटीवर बादलीने गार पाणी ओतू नका, तडा जातो.

व्हेपर लॉक मे महिन्यात, घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये रेंगाळताना होतो, मोकळ्या रस्त्यावर वारा लागला की जातो. त्याच्याशी अजून एक गोष्ट गल्लत करतात. गरम गाडी तुम्ही स्वतः बंद केली, चहा पिऊन आलात आणि आता सुरू होत नाही, बॉनेटखाली पेट्रोलचा उग्र वास आहे, तर ते नेमकं उलटं आहे. चेंबरमधलं पेट्रोल उकळून इंजिनमध्ये उतरलंय, म्हणजे जास्त झालंय. एक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, पंप न करता, आणि सेल्फ मारा. पुन्हा पुन्हा दाबत राहिलात तर अजून भिजेल.

व्हेपर लॉकवर उपाय म्हणून पाईपला कपड्याचा चिमटा लावण्यापेक्षा पाईप एक्झॉस्टपासून लांब घ्या, स्पेसर आणि उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का बघा, रेडिएटर आणि फॅन बेल्ट तपासा. इलेक्ट्रिक पंप हा शेवटचा उपाय, आणि लावायचाच तर कमी प्रेशरचा, टाकीजवळ, फ्यूजसह आणि ऑइल प्रेशर स्विचमधून, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल. नुसता इग्निशनवर जोडलेला पंप अपघातानंतरही फुटलेल्या पाईपमधून पेट्रोल ओतत राहतो.

९. जोडून झाल्यावर

एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत तारीख आणि किलोमीटर टाका, मग गाडी चालवून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि काढलेले चांगले पार्ट भंगारात जातात.

इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोड कोरड्या चिंधीने पुसा, चिंधी ओली झाली तर गाडी हलवायची नाही. मग चढाच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर देऊन बघा, पेट्रोलची मागणी तिथेच सगळ्यात जास्त असते, सपाट गल्लीत फेरी मारून काही कळत नाही. सुमारे १०० किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा परत आवळा आणि फिल्टर उजेडात धरून बघा. तांबूस गाळ दिसला तर टाकी अजून साफ झालेली नाही, परत पायरी ६.